घेणाऱ्याची सही

प्रिय धाकट्या,

बाबांचं मृत्युपत्र काल दुपारी न्यायालयात दाखल झालं. वकीलबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. मी तेव्हा एका खालच्या कवळीला पॉलिश करत होते, त्यामुळे मोटार बंद करून पुन्हा विचारावं लागलं. त्या म्हणाल्या, "झालं हो, झालं. शिक्का बसला. आता मागे घेता यायचं नाही." मी बरं म्हटलं आणि मोटार पुन्हा सुरू केली.

बाबांनी मृत्युपत्र केलं होतं हे तुला माहीत नसणार. मलाही नव्हतं. आता तुझ्या पत्त्यावर न्यायालयाची नोटीस येईल, आणि त्या नोटिशीची भाषा अशी असते की वाचणाऱ्याला वाटावं, आपल्या हातून काहीतरी गुन्हा झालाय. म्हणून म्हटलं, त्याआधी सगळं तुला घरच्या भाषेत कळावं. फोनवर जमलं नसतं. फोनवर आपण दोघंही "बाकी काय?" च्या पुढे कधी गेलोच नाही.

अंत्यविधीच्या दिवशी तू आलास, दारापाशी उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. आत्या त्यावरून अजून बोलते. "पाहुणा आला तरी पाणी पिऊन जातो," म्हणते. मला त्या दिवशी राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हापासून मला फारसं काही वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपलाच असतो, पण आपला वाटत नाही, तसं काहीसं. भूक लागते, जेवते. पडल्या पडल्या झोप लागते. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी खाली कामाच्या खोलीत गेले, कारण एका आजोबांच्या वरच्या कवळीचे दात मेणात लावून तयार होते आणि डॉक्टर दोनदा विचारून गेले होते. आई गेली तेव्हा बाबांनीही हेच केलं होतं. लोक नावं ठेवायला लागले तेव्हा म्हणाले होते, आपलं माणूस गेलं म्हणून दुसऱ्याचं तोंड रिकामं ठेवता येत नाही. तेव्हा मला ते फार कठोर वाटलं होतं. आता कळतं, त्यांना दुसरं काही सुचत नसणार.

मृत्युपत्र सापडलं ते साच्यांच्या फळीवर. तुला ती फळी आठवत असेल, मागच्या भिंतीची, जिथे प्लास्टरचे जुने जबडे ओळीने ठेवलेले असतात आणि लहानपणी तू त्यांना एकमेकांशी भांडायला लावायचास. त्यातले निम्मे लोक आता हयात नाहीत, म्हणून मी ते साचे काढायला घेतले. अगदी मागे बाबांच्या स्वतःच्या तोंडाचा साचा होता. उचलला तर खाली लिफाफा. तोही डिंकाने नाही, कवळीच्या गुलाबी मेणाने बंद केलेला. घरात कागद ठेवायला चांगलं कुलपाचं कपाट आहे, पण बाबांचा विश्वास कपाटावर नव्हता, स्वतःच्या जबड्यावर होता.

आत एकच पान, त्यांच्या त्या चौकोनी अक्षरातलं. घर, खालची कामाची खोली आणि त्यातली यंत्रं मुलीला. बाकी जे काही उरेल ते मुलाला. खाली त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. वकिलाकडे ते गेले नाहीत यात नवल नाही. त्यांचं म्हणणं तुला पाठ असेल: वकील आणि दाताचा डॉक्टर, दोघंही आधी तोंड उघडायला लावतात आणि मग पाकीट. ते पान मी तिथेच उभ्याने वाचलं आणि खिशात ठेवून साचे पुसायचं काम पुरं केलं. घर मला दिलंय हे वाचून आनंद झाला का, असं तू विचारशील. नाही झाला. मला वाटलं, बरं झालं, आता शोधाशोध नको.

वकीलबाईंचं ऑफिस एका चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आहे. जिन्यात कातड्याचा वास येतो आणि वर फायलींचा. त्यांनी पान वाचलं, चांगलं लिहिलंय म्हणाल्या, कायद्याचे शब्द नसले तरी अर्थ सरळ आहे. मग खालच्या सह्यांवर बोट ठेवून विचारलं, "यातली ही दुसरी कोणाची?" मी म्हटलं, माझी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर एक्स-रे बघून असा चष्मा काढतात तेव्हा पेशंटला जे कळतं, ते मला तेव्हाच कळलं.

त्यांनी सांगितलं ते असं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, कारण लाभासाठी माणूस खोटं बोलेल असं कायदा धरून चालतो. तरीही झालाच, तर आपल्यासारख्या ख्रिस्ती घरांत साक्ष टिकते आणि त्याला दिलेलं रद्द होतं. मी विचारलं, म्हणजे मृत्युपत्रच खोटं ठरलं का? "छे हो, अगदी खरं आहे," त्या म्हणाल्या, "तुमच्या सहीमुळेच खरं आहे. फक्त तुम्हाला त्यातलं काही मिळत नाही." तिसरा साक्षीदार असता तर माझी सही वगळून भागलं असतं. नव्हता. मग घराचं काय, तर जे कोणाकडेच जात नाही ते 'बाकी'मध्ये जमा होतं. आणि बाकी जे काही उरेल ते मुलाला. म्हणजे घर तुझं, खोली तुझी, यंत्रं तुझी. मी आत्ता बसून लिहितेय ती खुर्चीसुद्धा.

आता तू म्हणशील, बाबांसारख्या काटेकोर माणसाने असं कसं केलं. काटेकोर होते म्हणूनच केलं. आपल्याकडून डॉक्टरांकडे जाणाऱ्या कवळीच्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय डबा हातातून सुटत नाही, हे तुला मी काय सांगू. कधीतरी एका डॉक्टरने कवळी मिळालीच नाही म्हणून हात वर केले होते आणि बाबांना ती पुन्हा फुकट करून द्यावी लागली होती. तेव्हापासून त्यांनी हा नियम धरला तो सोडलाच नाही. आपल्याला शाळेचे बूट आणले तरी चिठ्ठीवर सही घ्यायचे. तुला लिहिता येत नव्हतं तेव्हा तू अंगठा उमटवायचास, आणि आई म्हणायची, अहो, मुलं आहेत ती, गिऱ्हाईक नाहीत.

सही केली तो दिवस मला आठवतो, कारण त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं. प्लास्टरवाला पोती टाकायला आला होता, साक्षीदाराची पहिली सही त्याची. बाबांनी मला हाक मारली. टेबलावर एक कागद, वरचा भाग दुमडलेला आणि त्यावर काचेची फरशी ठेवलेली. त्यांनी आमच्यासमोर खाली स्वतःची सही केली आणि शेवटी कागद माझ्याकडे सरकवला. "इथे कर." मी विचारलं, काय आहे? म्हणाले, "माल पोचला की कळेल." 'साक्षीदार' हा शब्द मी वाचला होता. मला वाटलं, परवान्याच्या नूतनीकरणाचं काहीतरी असेल. हाताला कवळीची गुलाबी पावडर लागलेली होती, तिचा डाग अजून कागदावर आहे. वकीलबाईंनी तो भिंगातून पाहिला.

पुढचं प्लास्टरवाल्याने सांगितलं. शपथेवर जबाब द्यायचा म्हणून त्याला बोलावलं, तर इस्त्रीचा शर्ट घालून आला, पण भुवयांत प्लास्टर तसंच. म्हणाला, त्या दिवशी त्याने बाबांना विचारलं होतं, पोरीची सही कशाला, माझा जावई खाली टेम्पोतच बसलाय, त्याला बोलावतो. तर बाबा त्याच्यावरच उखडले. "ज्याला द्यायचं त्याची सही नको? उद्या म्हणाली मिळालंच नाही, तर कोण जबाबदार?" हे सांगता सांगताच बिचाऱ्याच्या लक्षात आलं, माझं घर कशाने गेलं. तेव्हापासून दर वेळी पोती टाकायला आला की एकदा तरी म्हणतोच, "टेम्पोतच बसला होता हो ताई. हाक मारली असती तर दोन मिनिटांत वर." मी म्हणते, राहू दे. तो म्हणतो, राहू दे कसं. परवा त्याने पोत्याचे पैसे घ्यायलाही नकार दिला. मग मी त्याला ओरडले. या सगळ्या दिवसांत माझा आवाज चढला तो तेवढाच.

आत्याला सांगावंच लागलं. ती पदर खोचून आली, पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "जन्मभर लोकांचे दात बसवले आणि शेवटी लेकीच्याच हाताला चावला की गं तुझा बाप!" मला हसू आलं. तिलाही आलं, आणि मग हसता हसता तीच रडायला लागली. मी तिला चहा करून दिला. तिने तो बशीत ओतून तसाच ठेवला. जाताना म्हणाली, "धाकट्याला कळव. त्याच्या मनात पाप नाही." आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून परत वळून म्हणाली, "पण त्याची बायको कशी आहे, ते मला माहीत नाही." हे तुझ्या बायकोला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव. आत्या आहे ती, काय बोलणार.

तुला एक सांगायचं राहिलंय. हॉस्पिटलमधून बाबांच्या वस्तू दिल्या त्यात घड्याळ, चष्मा आणि एका पिशवीत कवळी होती. ती तू केलेली. तू घर सोडायच्या आधी त्यांच्यासाठी केलीस तीच. वरच्या ओळीतला बाजूचा एक दात किंचित वळवलेला, बघणाऱ्याला कळतही नाही, फक्त माणूस खरा वाटतो. तू गेल्यानंतर मी त्यांना दोन नव्या करून दिल्या. एकेक दिवस घातल्या. टोचते म्हणाले. मी हिरड्या तपासल्या, कुठे लाल नाही की सूज नाही. तरी घासून दिल्या. मग म्हणाले, "तुझ्या कवळीने मी बोलतो छान, पण जेवायला ती लाजते." आणि परत तुझीच चढवली. तू त्या संगणकाच्या यंत्रावर दात करणाऱ्या कंपनीत लागलास तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, मुलगा गेला दात छापायला, आता तो माझ्या घरचा नाही. डॉक्टरांना सांगितलं, आत्याला सांगितलं, वीजबिलवाल्यालासुद्धा सांगितलं. इतकी वर्षं सांगत राहिले. आणि सांगायचे तुझ्याच दातांनी.

मृत्युपत्राकडे परत येते. वकीलबाई सरळ बाई आहेत, पण त्या दिवशी त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मृत्युपत्र नसतंच, तर दोघं भावंडं अर्ध्याअर्ध्याची वाटेकरी. मी सल्ला देत नाहीये. पण घरात सापडलेला कागद कधी कधी घरातच पुन्हा हरवतो, असं माझ्या पाहण्यात आहे." मी पान घेऊन परत आले आणि साखरेच्या डब्यामागे ठेवलं. तिथे ते बरेच दिवस होतं. सकाळी चहाला साखर काढताना दिसायचं. माझी काही घालमेल वगैरे झाली नाही. रात्र रात्र जागले, असं लिहायला बरं दिसलं असतं, पण मी झोपत होते. कागद हरवला तर काय होईल, हे मला सरळ दिसत होतं. अर्धं घर तुझं झालं असतं, तू ते मागायला आला नसतास, मी वर राहिले असते, खाली काम केलं असतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. तुझंही नाही. तुला तर कळलंही नसतं.

मग एका सकाळी साखर काढली, डबा परत ठेवला आणि पान घेऊन निघाले.

मृत्युपत्र शाबीत करायला साक्षीदाराने शपथेवर सांगावं लागतं की सही माझ्यासमोर झाली, करणारा माणूस शुद्धीवर होता, कोणी जबरदस्ती केली नाही. प्लास्टरवाल्याने सांगितलं, तसं मलाही सांगावं लागलं. म्हणजे ज्या कागदाने माझं घर जातं तो खरा आहे, हे मीच सांगायचं. तिथला कारकून मान वर न करता रकाने भरत होता. नातं? मुलगी. व्यवसाय? कवळ्या करते. तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं, नकळत ओठ मिटून घेतले आणि पुढे विचारलं, लाभार्थी आहात? मी म्हटलं, होते. तो म्हणाला, "होते असा रकाना नाही बाई. आहे किंवा नाही." वकीलबाईंनी नाहीवर खूण करायला सांगितलं. वाईट त्यालाच वाटलं असावं, कारण निघताना म्हणाला, माझ्या सासऱ्यांची कवळी फार सैल आहे, काही होईल का? मी त्यांना घेऊन या म्हटलं. सवयीने पत्ताही दिला.

आता हे सगळं मी का केलं, ते. वर मृत्युपत्रातला मजकूर सांगितला तो पूर्ण नाही. 'बाकी जे काही उरेल ते मुलाला' याच्या पुढे बाबांनी लिहिलंय: "त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं." एवढंच. माझ्या वाट्याला घर लिहिलंय, हाताबद्दल काही लिहिलेलं नाही. मी ते काम करणारीच्या नजरेने वाचलं, आणि ते बरोबर आहे. मी हे तुला तोंडी सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, ताई समजूत घालतेय. आणि मीही तेच म्हटलं असतं. पान नुसतं दाखवलं असतं, तर तू आधी सह्या बघितल्या असत्या, घराचं ऐकलं असतंस आणि म्हणाला असतास, फाडून टाक, मला काही नको. मला ते फाडायचं नव्हतं. त्या दोन ओळी दुसऱ्या कुठेही लिहिलेल्या नाहीत, मी घर सगळं धुंडाळलं. आता नोटिशीबरोबर त्या पानाची नक्कल तुला मिळेल, बाबांच्या अक्षरात, वर न्यायालयाचा शिक्का. तिच्यावर तुला विश्वास ठेवावा लागेल. तुझी हरकत नसली की काम पुढे सरकतं आणि घर तुझ्या नावावर होतं. त्यानंतर एका दस्ताने तू ते मला देऊ शकतोस, असं लिहायला वकीलबाईंनी सांगितलंय, म्हणून लिहिलं. पत्र त्यासाठी नाही. दोन गल्ल्या पलीकडे मी एक तळमजल्याची खोली पाहिली आहे. पाणी भरपूर आहे, उजेड उत्तरेचा आहे, आणि मालकीण मोटारीच्या आवाजाला तयार आहे, फक्त दुपारी झोपेच्या वेळेला नको म्हणते. तिला मी महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगते म्हटलंय. नोटीस त्याआधी तुझ्या हातात पडेल, असा वकीलबाईंचा अंदाज आहे.

तुझीच, अजून तरी याच पत्त्यावर असलेली,
ताई